विद्यार्थ्यांमधील अभ्यास-औषधांचा वैद्यकीय सल्ल्याविना वापर

अभ्यास-औषधे म्हणजे परीक्षेच्या काळात जागे राहता यावे, एकाग्रता वाढावी किंवा थकवा जाणवू नये या हेतूने विद्यार्थी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतात ती औषधे होत. त्यांत मुख्यतः अ‍ॅम्फेटामाइन वर्गातील औषधे, मिथाइलफेनिडेट आणि मोडाफिनिल यांचा समावेश होतो. ही औषधे मुळात अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार (एडीएचडी) किंवा नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा विकार, यांसारख्या निदान झालेल्या आजारांवरील उपचारांसाठी आहेत. असा कोणताही विकार नसलेल्या व्यक्तीने केवळ बौद्धिक कामगिरी उंचावण्यासाठी त्यांचा वापर केल्यास त्याला औषधी बुद्धिवर्धन असे म्हणतात.

या विषयावरील चर्चा दोन प्रश्नांभोवती फिरते. पहिला प्रश्न वैद्यकीय आहे : निरोगी व्यक्तीला या औषधांचा कितपत उपयोग होतो व त्याची किंमत काय मोजावी लागते? दुसरा नैतिक आहे : उपयोग होत असेल, तर तो परीक्षेतील गैरप्रकार मानावा काय? आतापर्यंतच्या संशोधनानुसार निरोगी व्यक्तीला होणारा लाभ अल्प व अनिश्चित असतो. मात्र औषध घेणाऱ्याला तो प्रत्यक्षाहून मोठा वाटतो. या तफावतीमुळे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

## संज्ञा

इंग्रजीभाषक देशांत या औषधांना ‘स्टडी ड्रग्ज’ किंवा ‘स्मार्ट ड्रग्ज’ म्हणतात. ‘नूट्रोपिक’ ही संज्ञा अधिक व्यापक असून तीत पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पदार्थांचाही समावेश केला जातो. अमेरिकेतील चेताविकारतज्ज्ञ अंजन चॅटर्जी यांनी २००४ मध्ये ‘कॉस्मेटिक न्यूरॉलॉजी’ ही संज्ञा मांडली. आजार नसताना केवळ रूप खुलवण्यासाठी शस्त्रक्रिया केली जाते, तसाच आजार नसताना मेंदूची क्षमता वाढवण्यासाठी वैद्यकाचा वापर होऊ लागेल, असा तिचा आशय आहे. ‘अभ्यास-औषध’ हे कोणत्याही औषधाचे वैद्यकीय वर्गीकरण नाही. ते केवळ वापराच्या हेतूवरून पडलेले नाव आहे.

## वापरली जाणारी औषधे

### अ‍ॅम्फेटामाइन वर्ग

अ‍ॅम्फेटामाइनमुळे मेंदूतील चेतापेशींमधून डोपामाइन व नॉरएपिनेफ्रिन ही रसायने अधिक प्रमाणात बाहेर पडतात आणि त्यांचे पुन्हा शोषण होण्यास अडथळा येतो. परिणामी जागरूकता, उत्साह व कामाची ओढ वाढते. अ‍ॅम्फेटामाइनच्या क्षारांचे मिश्रण असलेले अ‍ॅडरॉल हे औषध १९९६ पासून अमेरिकेत या नावाने मान्यताप्राप्त आहे. तेथील महाविद्यालयांमध्ये अभ्यास-औषध म्हणून त्याचेच नाव सर्वाधिक घेतले जाते. भारतात अ‍ॅडरॉल विक्रीसाठी मंजूर नाही.

### मिथाइलफेनिडेट

मिथाइलफेनिडेट प्रामुख्याने डोपामाइन व नॉरएपिनेफ्रिन यांचे पुनर्शोषण रोखते. स्वित्झर्लंडमधील सिबा या कंपनीत लिआंद्रो पानिझ्झोन यांनी १९४४ मध्ये ते प्रथम तयार केले. त्यांच्या पत्नीच्या ‘रीटा’ या लाडक्या नावावरून औषधाला ‘रिटालिन’ हे व्यापारी नाव मिळाले. भारतात एडीएचडीच्या उपचारासाठी हे औषध उपलब्ध आहे; मात्र त्याच्या विक्रीवर कडक नियंत्रण आहे.

### मोडाफिनिल

मोडाफिनिल हे जागृती टिकवणारे औषध फ्रान्समध्ये विकसित झाले व १९९८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. त्याची संपूर्ण कार्यपद्धती अद्याप उलगडलेली नाही. मात्र तेही डोपामाइनच्या पुनर्शोषणावर परिणाम करते. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास साधारणतः १२ ते १५ तास लागतात. त्यामुळे दुपारी घेतलेल्या गोळीचा परिणाम रात्रीच्या झोपेवर होतो. पाश्चात्त्य देशांतील विद्यार्थी ऑनलाइन मागवत असलेल्या गोळ्यांमध्ये भारतात बनलेल्या जेनेरिक मोडाफिनिलचाही समावेश असतो.

### इतर पदार्थ

तोंडी परीक्षा, मुलाखत किंवा सादरीकरणापूर्वी हातांची थरथर व छातीतील धडधड कमी व्हावी म्हणून काही जण प्रोप्रानोलॉलसारखी बीटा-रोधक औषधे घेतात. दमा असलेल्या व्यक्तीला ही औषधे घातक ठरू शकतात. उत्तेजक औषधांमुळे उडालेली झोप परत आणण्यासाठी झोपेच्या गोळ्या घेतल्या गेल्यास दुसऱ्या व्यसनाचा धोका निर्माण होतो.

चहा-कॉफीतील कॅफीन हा जगातील सर्वाधिक वापरला जाणारा उत्तेजक पदार्थ असून तो कायदेशीर व समाजमान्य आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मते निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सुरक्षित असते.

## इतिहास

अ‍ॅम्फेटामाइनची निर्मिती रुमानियन रसायनशास्त्रज्ञ लाझार एदेलेआनू यांनी १८८७ मध्ये बर्लिन येथे केली. त्याचा औषधी उपयोग मात्र सुमारे चार दशके कोणाच्या लक्षात आला नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन संशोधक गॉर्डन एलिस यांनी ते स्वतःवर वापरून पाहिले. पुढे ते ‘बेंझेड्रीन’ या नावाने बाजारात आले.

विद्यार्थ्यांचा व या औषधाचा संबंध जवळजवळ तेव्हापासूनचा आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात बेंझेड्रीनच्या मानसशास्त्रीय चाचण्या सुरू असताना या गोळीने रात्रभर जागता येते, ही गोष्ट विद्यार्थ्यांमध्ये पसरली. परीक्षेच्या काळात गोळ्या घेण्याचे प्रकार होऊ लागले आणि १९३७ मध्येच वृत्तपत्रीय व वैद्यकीय लिखाणातून त्याविषयी इशारे दिले गेले. त्याच वर्षी र्‍होड आयलंड येथील डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनसमस्या असलेल्या मुलांवर बेंझेड्रीनचा अनुकूल परिणाम होत असल्याचे प्रसिद्ध केले. औषधाचा वैद्यकीय उपयोग आणि त्याचा विद्यार्थ्यांकडून होणारा गैरवापर अशा रीतीने एकाच वर्षी नोंदले गेले.

जर्मनीत मेथअ‍ॅम्फेटामाइन हे अधिक तीव्र औषध १९३८ मध्ये ‘पर्व्हिटिन’ या नावाने विक्रीस आले. लष्करी वैद्यक अकादमीतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ओटो रांके यांनी सैन्यासाठी त्याची चाचणी घेतली. त्यांनी ती विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर घेतली होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन, ब्रिटिश, अमेरिकन व जपानी सैन्यांनी उत्तेजक औषधांचा वापर केला. युद्धानंतर जपानमध्ये मेथअ‍ॅम्फेटामाइनच्या व्यसनाची मोठी लाट आली व १९५१ मध्ये तेथे उत्तेजक पदार्थ नियंत्रण कायदा करण्यात आला. १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मनोप्रभावी पदार्थविषयक करारान्वये अ‍ॅम्फेटामाइन व मिथाइलफेनिडेट आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आले.

या इतिहासात हंगेरियन गणितज्ञ पॉल एर्डिश यांचे उदाहरण वारंवार दिले जाते. ते उत्तरायुष्यात अ‍ॅम्फेटामाइन घेत असत. १९७९ मध्ये त्यांचे मित्र रोनाल्ड ग्रॅहम यांनी, महिनाभर ते औषध न घेता राहून दाखवावे, अशी ५०० डॉलरची पैज लावली. एर्डिश यांनी ती जिंकली. परंतु त्या महिन्यात आपल्याला काहीच सुचले नाही, अशी तक्रार करून त्यांनी पुन्हा औषध सुरू केले. औषधाच्या उपयुक्ततेचा दाखला म्हणून हा किस्सा सांगितला जातो. तथापि, दीर्घकाळ घेतलेले उत्तेजक अचानक थांबवल्यावर येणारी मरगळ हाही त्याचा तितकाच सयुक्तिक अर्थ आहे.

१९९० च्या दशकापासून एडीएचडीचे निदान वाढले, तशी वसतिगृहांतील अनेक विद्यार्थ्यांकडे ही औषधे कायदेशीररीत्या आली. मित्राने दिलेली गोळी हा अमेरिकेतील गैरवापराचा सर्वांत मोठा स्रोत असल्याचे सर्वेक्षणांमध्ये सातत्याने आढळले आहे.

## प्रसार

अमेरिकेतील ११९ महाविद्यालयांमधील १०,९०४ विद्यार्थ्यांच्या २००१ मधील सर्वेक्षणाचे विश्लेषण शॉन मॅकेब व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानुसार ६.९ टक्के विद्यार्थ्यांनी आयुष्यात कधी ना कधी, तर ४.१ टक्के विद्यार्थ्यांनी आधीच्या वर्षभरात चिठ्ठीशिवाय उत्तेजक औषध घेतले होते. निरनिराळ्या महाविद्यालयांतील वार्षिक प्रमाण शून्यापासून २५ टक्क्यांपर्यंत होते. प्रवेशासाठी चुरस अधिक असलेल्या महाविद्यालयांत ते जास्त आढळले. औषध घेणाऱ्यांमध्ये कमी गुण असलेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण अधिक होते. यावरून अभ्यास-औषधे ही हुशार विद्यार्थ्यांनी आणखी पुढे जाण्यासाठी वापरायची साधने आहेत, या समजापेक्षा मागे पडण्याच्या भीतीने ती घेतली जातात, या अनुमानास बळ मिळते.

‘नेचर’ या विज्ञाननियतकालिकाने २००८ मध्ये आपल्या वाचकांची पाहणी केली. तीत ६० देशांतील १,४०० जणांनी भाग घेतला व त्यांतील दर पाचांमागे एकाने एकाग्रता किंवा स्मृतीसाठी आजार नसताना औषध घेतल्याचे सांगितले. उत्तर देणारे स्वेच्छेने पुढे आलेले असल्याने ही आकडेवारी संपूर्ण समाजाला लागू करता येत नाही. अशा पाहण्यांमधील प्रश्नांची रचना, देश व कालावधी भिन्न असल्यामुळे त्यांच्या आकड्यांची थेट तुलना करणे योग्य ठरत नाही.

## परिणामकारकता

### प्रयोगशाळेतील निष्कर्ष

झोप न झालेल्या व्यक्तीची जागरूकता उत्तेजक औषधांनी टिकून राहते, याविषयी मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते पुरेशी झोप घेतलेल्या निरोगी व्यक्तीच्या बुद्धीविषयी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मार्था फारा व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात अ‍ॅम्फेटामाइन व मिथाइलफेनिडेट यांचा स्मृती व आत्मनियंत्रण यांवरील परिणाम अनुकूल, पण अल्प असल्याचे दिसले. मोडाफिनिलविषयी त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, साध्या चाचण्यांपेक्षा गुंतागुंतीच्या व दीर्घ कामांत त्याचा लाभ अधिक सातत्याने आढळत असल्याचे नमूद केले आहे.

औषधाचा परिणाम सर्वांवर सारखा नसतो. डोपामाइनची पातळी व बौद्धिक कामगिरी यांचा संबंध उलट्या ‘यू’ अक्षराच्या आकाराचा असतो, असे मानले जाते. पातळी कमी असलेल्याची कामगिरी औषधाने सुधारते, तर ती आधीच योग्य असलेल्याची कामगिरी औषधाने ढासळू शकते.

### प्रयत्न वाढतो, गुणवत्ता घटते

मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने झालेला एक प्रयोग २०२३ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ४० निरोगी व्यक्तींना मिथाइलफेनिडेट, डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामाइन, मोडाफिनिल व प्लॅसिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, वेगवेगळ्या दिवशी देऊन त्यांना पिशवीचे कोडे सोडवण्यास सांगण्यात आले. ठरावीक वजन पेलणाऱ्या पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू कशा भराव्यात, असे या कोड्याचे स्वरूप असते. औषध घेतल्यावर सहभागी व्यक्तींनी अधिक वेळ दिला व अधिक चाली केल्या. परंतु त्या प्रयत्नांची गुणवत्ता घसरली. औषधाविना सरासरीपेक्षा सरस ठरलेले अनेक जण औषध घेतल्यावर सरासरीखाली गेले.

बुद्धिबळपटूंवरील एका जर्मन प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ३९ खेळाडूंना मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट, कॅफीन किंवा प्लॅसिबो देण्यात आले. औषध घेतलेले खेळाडू प्रत्येक चालीवर अधिक वेळ विचार करू लागले आणि त्यामुळे त्यांचे अधिक डाव वेळ संपल्याने हरले. वेळेअभावी हरलेले डाव वगळल्यास मात्र त्यांची कामगिरी सुधारलेली दिसली. ठरावीक मिनिटांत ठरावीक प्रश्न सोडवण्याच्या परीक्षांच्या संदर्भात हा निष्कर्ष महत्त्वाचा ठरतो.

### लाभाचा आभास

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४६ निरोगी तरुणांना अ‍ॅडरॉलमधील मिश्रण व प्लॅसिबो वेगवेगळ्या दिवशी देण्यात आले. चाचण्यांच्या गुणांमध्ये सरासरीने लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र औषध घेतलेल्या दिवशी आपली कामगिरी अधिक चांगली झाली, असे सहभागी व्यक्तींना वाटले. औषध उत्साह व आत्मविश्वास वाढवते, आणि वाढलेला आत्मविश्वास स्वतःच्या कामाचे मूल्यमापनही बदलतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

महाविद्यालयीन गुणांविषयीचे निरीक्षणही याला पूरक आहे. अमेलिया एरिया व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चिठ्ठीशिवाय उत्तेजक औषध घेऊ लागलेल्या विद्यार्थ्यांच्या सरासरी गुणांमध्ये न घेणाऱ्यांच्या तुलनेत वाढ झाल्याचे आढळले नाही. याचे एक कारण झोप हे आहे. दिवसा वाचलेले दीर्घकालीन स्मृतीत रुजण्याची प्रक्रिया झोपेत घडते. औषधाने मिळवलेले रात्रीचे तास या प्रक्रियेतूनच कापून घेतलेले असतात.

## धोके

### शारीरिक

उत्तेजक औषधांनी हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतो, भूक मंदावते, तोंड कोरडे पडते आणि झोप उडते. हृदयविकार किंवा हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता असलेल्या व्यक्तीसाठी ही औषधे धोकादायक असतात. डॉक्टर औषध देण्यापूर्वी हा इतिहास विचारतात. मित्राकडून गोळी घेताना ही तपासणी होत नाही. मद्यासोबत उत्तेजक घेतल्यास नशा चढल्याची जाणीव दबते व मद्याचे प्रमाण हाताबाहेर जाऊ शकते. नैराश्यावरील काही औषधांशी यांची घातक आंतरक्रिया होते.

मोडाफिनिलमुळे डोकेदुखी, मळमळ व अस्वस्थता उद्भवू शकते. क्वचित प्रसंगी स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम या त्वचा सोलून काढणाऱ्या जीवघेण्या विकाराची नोंद झाली आहे. हे औषध संप्रेरकयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते. युरोपीय औषध संस्थेने २०१० मध्ये त्याचा वापर नार्कोलेप्सीपुरताच मर्यादित ठेवण्याची शिफारस केली.

### मानसिक

चिंता, चिडचिड व संशयीपणा हे सामान्य दुष्परिणाम आहेत. २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एडीएचडीसाठी उत्तेजक औषधे सुरू केलेल्या किशोरवयीन व तरुण रुग्णांपैकी दर ६६० जणांमागे सुमारे एकास भ्रम-विभ्रमाची लक्षणे दिसली. मिथाइलफेनिडेटपेक्षा अ‍ॅम्फेटामाइन घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण अधिक होते. हे रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते, ही बाब येथे लक्षात घ्यावी लागते.

### व्यसन

शरीर सरावले की पूर्वीच्या मात्रेचा परिणाम जाणवेनासा होतो व मात्रा वाढवली जाते. औषध थांबवल्यावर थकवा, खिन्नता, अतिझोप आणि कामाविषयी अनास्था येते. ही अवस्था परीक्षेच्या ऐन तोंडावर आली, तर पुन्हा गोळी घेण्याचा मोह होतो. औषधाशिवाय अभ्यासच होणार नाही, अशी धारणा बळावणे ही मानसिक अवलंबित्वाची खूण मानली जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये सर्व उत्तेजक औषधांच्या वेष्टनावरील ठळक इशाऱ्यात गैरवापर, व्यसन व इतरांना औषध देण्याचे धोके समाविष्ट करण्याचा आदेश दिला.

### बनावट गोळ्या

अनधिकृत मार्गाने मिळणाऱ्या गोळीत नेमके काय आहे, हे दिसण्यावरून ओळखता येत नाही. अ‍ॅडरॉलसारख्या दिसणाऱ्या बनावट गोळ्यांमध्ये मेथअ‍ॅम्फेटामाइन किंवा फेंटानिल सापडल्याचे इशारे अमेरिकी यंत्रणांनी दिले आहेत. फेंटानिलची काही मिलिग्रॅम मात्राही प्राणघातक ठरू शकते.

## नैतिक प्रश्न

### गैरप्रकार की साधन?

औषध घेऊन परीक्षा देणे ही फसवणूक आहे, असे मानणारे क्रीडाक्षेत्राचा दाखला देतात. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने अ‍ॅम्फेटामाइन, मिथाइलफेनिडेट व मोडाफिनिल यांना स्पर्धाकाळात बंदी घातली आहे. २००३ च्या जागतिक मैदानी स्पर्धेत अमेरिकन धावपटू केली व्हाइट यांच्या चाचणीत मोडाफिनिल आढळले व पुढे त्यांची पदके काढून घेण्यात आली.

याउलट, परीक्षा ही शर्यत नसून ज्ञानाचे मापन आहे, असा युक्तिवाद केला जातो. औषध उत्तरे पुरवत नाही. अभ्यास विद्यार्थ्यालाच करावा लागतो. कॉफी चालते, खासगी शिकवणी चालते, मग गोळी का नको, असा प्रश्न या मताचे समर्थक विचारतात. त्यावर असे उत्तर दिले जाते की, शिकवणीने ज्ञानात भर पडते, तर गोळीने केवळ जागरणात. आणि कॉफीची तुलना आरोग्याच्या धोक्याच्या बाबतीत टिकत नाही. प्रवेशपरीक्षा व स्पर्धापरीक्षांमध्ये मात्र ज्ञानाबरोबरच क्रमांकही महत्त्वाचा असतो. तेथे एकाची सरशी म्हणजे दुसऱ्याची पिछाडी असल्याने शर्यतीची उपमा अधिक लागू पडते.

### स्वातंत्र्य व दबाव

प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेण्याचा अधिकार आहे, हा उदारमतवादी विचार आहे. हेन्री ग्रीली, बार्बरा सहाकियन, मार्था फारा आदी सात लेखकांनी डिसेंबर २००८ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या लेखात, सक्षम प्रौढांना अशी औषधे घेण्याची मुभा असावी, मात्र त्यापूर्वी धोक्यांविषयी संशोधन, स्पष्ट नियम व जबरदस्तीपासून संरक्षण असावे, अशी भूमिका मांडली.

या भूमिकेवरील मुख्य आक्षेप अप्रत्यक्ष जबरदस्तीचा आहे. वर्गातील अनेक जण गोळ्या घेत आहेत, असे वाटू लागले की न घेणाऱ्यालाही मागे पडण्याची धास्ती वाटते. सर्वांनीच औषध घेतल्यास क्रमवारीत कोणालाच फायदा उरत नाही. धोका मात्र सर्वांच्या वाट्याला येतो. लाभाचा आभास प्रत्यक्ष लाभाहून मोठा असल्याने ही चढाओढ औषधाच्या गुणावर नव्हे, तर त्याच्या कीर्तीवर चालते. पूर्ण माहितीनिशी दिलेल्या संमतीचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो : औषध घेणाराच त्याच्या परिणामाविषयी चुकीची समजूत बाळगत असेल, तर त्याची निवड कितपत स्वतंत्र मानावी?

### श्रम व श्रेय

अमेरिकेच्या अध्यक्षांच्या जैवनीतिशास्त्र परिषदेने २००३ मध्ये ‘बियाँड थेरपी’ हा अहवाल प्रसिद्ध केला. मानवी यशाचा अर्थ केवळ फलात नसून ते ज्या प्रयत्नांतून मिळते त्यांतही असतो, असा त्यातील एक मुद्दा होता. परिषदेचे सदस्य राहिलेले तत्त्वज्ञ मायकल सँडेल यांनी पुढे आपल्या ग्रंथात, सर्व काही सुधारून घेण्याच्या हव्यासामुळे माणसाला लाभलेल्या क्षमतांविषयीची कृतज्ञता हरवते, असा विचार मांडला. त्याच्या विरोधकांच्या मते चष्मा, छापील पुस्तक व गणकयंत्र यांनीही श्रम कमी केले. त्यामुळे श्रेय नाहीसे झाले नाही.

### समता व रुग्णांचे हित

औषध विकत घेण्याची ऐपत सर्वांना नसते. त्यामुळे आधीच सुस्थितीत असलेल्यांना आणखी एक साधन मिळते, अशी टीका होते. दुसऱ्या बाजूला, लाभ कमी क्षमतेच्या व्यक्तींना अधिक होत असेल तर दरी कमी होईल, असाही तर्क केला जातो.

एडीएचडी असलेल्या विद्यार्थ्यांचे हित हा स्वतंत्र मुद्दा आहे. त्यांच्यासाठी हे औषध बढतीचे साधन नसून उपचार आहे. गैरवापराच्या चर्चेमुळे त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाते, सहाध्यायी त्यांच्याकडे गोळ्या मागतात आणि नियंत्रण कडक झाले की त्यांनाच औषध मिळणे अवघड होते. अमेरिकेत २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अ‍ॅडरॉलचा अधिकृत तुटवडा जाहीर झाला, तेव्हा अनेक रुग्णांच्या उपचारांत खंड पडला. त्यामागे उत्पादनातील अडचणी व वाढती मागणी ही कारणे होती.

## कायदेशीर स्थिती

### भारत

गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस कायदा) याच्या अनुसूचीत अ‍ॅम्फेटामाइन, मेथअ‍ॅम्फेटामाइन व मिथाइलफेनिडेट यांचा समावेश आहे. वैद्यकीय कारणाशिवाय ते बाळगणे, विकणे किंवा सेवन करणे गुन्हा असून बाळगलेल्या प्रमाणानुसार शिक्षा वाढते. मैत्रीखातर दिलेली गोळीही कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने उपचारांस तयार झाल्यास कलम ६४अ अन्वये सेवन व अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्यांत खटल्यापासून सूट मिळण्याची तरतूद आहे.

औषध नियम, १९४५ मधील शेड्यूल एक्समध्ये मिथाइलफेनिडेट येते. ते देताना डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते व त्यांतील एक प्रत औषधविक्रेत्याने दोन वर्षे जपून ठेवायची असते. मोडाफिनिलची विक्रीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच करता येते.

परीक्षेतील गैरप्रकारांविषयीचे भारतीय कायदे मुख्यत्वे अन्य बाबींशी निगडित आहेत. सार्वजनिक परीक्षा (अनुचित मार्ग प्रतिबंध) अधिनियम, २०२४ हा प्रश्नपत्रिका फोडणे, उत्तरपत्रिकांत फेरफार करणे अशा कृत्यांवर रोख ठेवतो. त्यातील अनुचित मार्गांच्या यादीत औषधांचा उल्लेख नाही.

### इतर देश

अमेरिकेत अ‍ॅम्फेटामाइन व मिथाइलफेनिडेट ‘शेड्यूल दोन’मध्ये, तर मोडाफिनिल ‘शेड्यूल चार’मध्ये आहे. नियंत्रित पदार्थांसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला तेथून बाहेर काढले जाऊ शकते. त्यामुळे महाराष्ट्रासह भारतातून तेथे शिकण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मित्राकडून घेतलेल्या गोळीचा परिणाम शिक्षण खंडित होण्यात होऊ शकतो. ब्रिटनमध्ये मिथाइलफेनिडेट ‘ब’ वर्गातील नियंत्रित पदार्थ आहे. मोडाफिनिल तेथे केवळ चिठ्ठीवर मिळते. मात्र ते नियंत्रित पदार्थांत मोडत नाही. जपानमध्ये अ‍ॅडरॉल नेण्यास बंदी आहे व परदेशी डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी सूट मिळत नाही.

## शिक्षणसंस्था व वैद्यकीय संघटनांची भूमिका

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २०११ मध्ये शैक्षणिक कामगिरी उंचावण्यासाठी चिठ्ठीशिवाय औषध घेणे ही फसवणूक असल्याचे आपल्या नियमावलीत नमूद केले. त्यामुळे हा विषय केवळ अमली पदार्थांच्या नियमांपुरता न राहता शैक्षणिक प्रामाणिकपणाशी जोडला गेला. परीक्षेपूर्वी रक्त किंवा लघवीची चाचणी करण्याची सूचनाही चर्चेत आली. परंतु खासगीपणाचा भंग, खर्च व औषधोपचार घेणाऱ्या विद्यार्थ्यांना होणारा त्रास यांमुळे तिला फारसा पाठिंबा मिळाला नाही.

अमेरिकन अकादमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१३ मध्ये मुलांना व किशोरवयीनांना केवळ बुद्धिवर्धनासाठी औषधे लिहून देणे समर्थनीय नाही, अशी भूमिका जाहीर केली. मेंदूची वाढ सुरू असणे, दीर्घकालीन परिणामांची अपुरी माहिती आणि पालकांच्या दबावातून येणारी संमती ही त्याची कारणे होत.

## प्रतिबंध व पर्याय

गैरवापर रोखण्याच्या उपायांमध्ये औषधाची भीती घालण्यापेक्षा त्याचा प्रत्यक्ष लाभ किती तोकडा आहे, हे सांगण्यावर भर दिला जातो. ‘सगळेच घेतात’ हा समज दूर करणेही उपयुक्त मानले जाते. कारण विद्यार्थी इतरांमधील वापराचे प्रमाण वास्तवापेक्षा जास्त गृहीत धरतात.

पुरेशी झोप, नियमित व्यायाम, वाचलेले पुस्तक मिटून आठवून पाहणे आणि एकाच विषयाची उजळणी काही दिवसांच्या अंतराने करणे, या पद्धतींच्या उपयुक्ततेला संशोधनाचा आधार आहे. सतत लक्ष न लागणे, कामे अपुरी राहणे व विसरभोळेपणा या तक्रारी लहानपणापासून असतील, तर स्वतः औषध न घेता मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे योग्य ठरते. अशा व्यक्तीला एडीएचडी किंवा अन्य विकार असू शकतो आणि त्यावर रीतसर उपचार उपलब्ध आहेत. नैराश्य, थायरॉईडचे विकार व रक्तक्षय यांमुळेही एकाग्रता कमी होते.

परीक्षेच्या ताणासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध आहे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून कार्यरत आहे.

## हे सुद्धा पहा

* अ‍ॅम्फेटामाइन
* अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार
* कॅफीन
* क्रीडाक्षेत्रातील उत्तेजक सेवन
* नार्कोलेप्सी
* व्यसनमुक्ती